स्टेशन रस्त्याचा सायकलपट्टा

सायकलवरून माणूस पडला की तो उठून धोतर झटकतो तोवर त्याचा किस्सा बाजारपेठेत पोचलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या त्या वर्षांत नंदुरबारात आमचं तिघा सायकलवाल्यांचं टोळकं होतं. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो, दुसरे आमचे ड्रॉइंग मास्तर आणि तिसरे नाना वकील. पडण्यात माझा हातखंडा, त्यामुळे किश्श्यांतला मोठा वाटा माझा.

एकदा मी स्टेशन रस्त्यावर उभ्या बैलगाडीला मागून धडकलो. सायकल गाडीखाली, मी वरच्या कापसात. गाडीवान सखाराम शांतपणे बिडी ओढत होता.

"मास्तर, गाडी तं उभी शे. तुम्ही कोठे जाई ऱ्हायनात?"

"स्टेशनला."

"मंग बठी ऱ्हा. मी तथाच जास."

बसून राहिलो.

ड्रॉइंग मास्तरांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांच्या घंटीला बैल बुजले, गाडी अंगावर आली आणि उजवा हात मोडला. कितीतरी दिवस ते फळ्यावर डाव्या हाताने आंबे काढत. पोरांनी काहीही काढलं तरी ते हुबेहूब मास्तरांसारखं यायचं, त्यामुळे कुणाला नापास करता येईना. तेव्हा आम्ही ठरवलं, सायकलींसाठी रस्त्याच्या कडेला दगड रोवून वेगळा पट्टा मागायचा.

म्युनिसिपालिटीच्या सभेत विरोधाला मगनकाका उभे राहिले. गुजर, मोठे शेतकरी. त्यांच्या कापसाच्या गाड्या त्याच रस्त्याने जिनिंगला जायच्या.

"आज सायकलींना पट्टा दिला, उद्या म्हशींनाही द्यावा लागेल," ते म्हणाले.

"म्हशी अर्ज करत नाहीत," नाना वकील म्हणाले.

"म्हणून तर त्या कुठूनही जातात."

सभा हसली. मीही पोट धरून हसलो. मग आठवलं, आपण दुसऱ्या बाजूचे.

तरी पट्टा मंजूर झाला. ड्रॉइंग मास्तर हात गळ्यात बांधून पुढच्याच बाकावर बसले होते. त्यांच्याकडे बघून 'नाही' म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

पट्टा झाला, चुना फासलेले दगड लागले. मी ऐटीत निघालो, तर अख्ख्या पट्ट्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. सपाट जागा, भरपूर ऊन, गाड्यांची भीती नाही. मिरच्या खालीवर करणाऱ्या बाईला मी म्हटलं, "बाई, ही जागा सायकलींसाठी आहे."

तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नीट पाहिलं. "मंग सायकली कोठे शेतस?"

मी माझ्या सायकलीकडे बोट दाखवणार, तोच शिंका सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत तिने बिचारीने मला वाट करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून मी मोठ्या रस्त्याने गेलो. हवालदाराने अडवलं. "पट्टा असताना इकडून का?"

"पट्ट्यावर मिरच्या आहेत."

"मिरच्या पट्ट्यावरच आहेत ना? रस्त्यावर तुम्ही आहात."

पुढे मिरच्यांचा मोसम सरला आणि मगनकाकांनी ठराव आणला: पट्टा कुणी वापरत नाही, दगड उपटून टाका. पाहणीला कमिटी येणार होती. आम्ही ठरवलं, तिघांनी तिच्यासमोरून रुबाबात जायचं. हात बरा झाला तरी ड्रॉइंग मास्तर सायकलला शिवले नव्हते. त्या दिवशी आले.

मी पुढे, मागे ते दोघे. उतारावरून खाली येताना दिसलं, मगनकाका पट्ट्याच्या मधोमध आमच्याकडे पाठ करून उभे आहेत आणि कारकुनाला सांगताहेत, "बघा, चिटपाखरू नाही."

मी ब्रेक दाबला. तो लागला नाही. "काका, सरका," म्हणून ओरडलो. काका सरकण्याऐवजी वळले.

आम्ही दोघं धुळीत. सायकल आमच्यावर. मागे ड्रॉइंग मास्तर अगदी वेळेवर, पाय टेकून, व्यवस्थित थांबले.

काका उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या दोघांकडे पाहिलं, आणि कारकुनाकडे वळून म्हणाले,

"लिहा. पट्टा वापरात आहे."