खळ

अबेओकुटात आमच्या घरामागे कापड रंगवणारी एक म्हातारी राहायची. नायजेरियात या वयाच्या बाईला सगळे 'मामा' म्हणतात. मला आधी हसू यायचं, मग तेच तोंडी बसलं.

मामा कसाव्याच्या पिठाची खळ शिजवायची. आपला साबुदाणा ज्याचा होतो, तोच हा कंद. कोंबडीच्या पिसाने ती त्या खळीचे पक्षी पांढऱ्या कापडावर काढी, उन्हात वाळवी, मग कापड निळीच्या रांजणात बुडवी. खळ असेल तिथे नीळ पोचत नसे.

"तुमच्याकडे याचं काय करतात?" तिने एकदा विचारलं.

"उपासाला खातो."

तिचं पीस थांबलं. "उपासाला खाता?"

मग मी तिला आईचं सांगितलं. आई साबुदाण्याची खळ करून पातळाला द्यायची. म्हणायची, "मळ खळीवर बसतो गं, कापडाला लागत नाही. धुताना दोन्ही जातात."

मामाने मान डोलावली आणि रंगवलेलं कापड पाण्यात चोळायला घेतलं. खळ सुटून गढूळ पाण्यात गेली, निळ्यात पांढरे पक्षी उरले.

"एवढी मेहनत, सगळी खळ वाहून गेली," मी म्हटलं.

"तिचं काम झालं," मामा म्हणाली.

आईचं एक पांढरं पातळ माझ्याकडे आहे. त्यातली खळ केव्हाच गेली. पातळावर अजून डाग नाही.