सोन्याच्या पानांचं वजन

शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "आमचे मास्तर म्हणजे शांत, सोशिक, सगळ्यांना सांभाळून घेणारे." मी संतापून उठलो आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. ज्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट मुकाट्याने सोसली नाही, त्याला मेल्यावर या लोकांनी सोशिक करून टाकलं! मास्तर तिथे असते तर त्यांनी त्या वक्त्याला खडू फेकून मारला असता, आणि त्यांचा नेम कधी चुकत नसे.

परळच्या आमच्या रात्रशाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी इंग्रजी. विद्यार्थी म्हणजे दिवसपाळी करून आलेले गिरणीतले बाप्ये. केसांत कापूस, डोळ्यांत झोप. ते त्यांना घनतामास्तर म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की मास्तरांचा ठरलेला प्रश्न असे, "वजन किती? आकार किती? आधी घनता काढ, मग तोंड उघड." राग आला की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. पाळ्या लाल झाल्या की पहिल्या बाकावरचे लोक हळूच मागच्या बाकावर सरकत.

हा राग कुठून आला ते एकदा त्यांनीच सांगितलं. आम्ही परळहून दादरकडे चालत निघालो होतो. त्यांच्या गावात देवीचा चांदीचा मुखवटा होता. जत्रेच्या दिवशी तो आपोआप जड होतो, चौघांना उचलत नाही, असं सांगत. मास्तरांच्या वस्तीने तो लांबून, रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचा. मास्तर तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांनी मोठ्याने विचारलं, "कुणी तोललाय काय?" पोराला कुणी हात लावला नाही. बापाला मारलं. चावडीसमोर, जोड्याने.

"परब, मी प्रश्न विचारला आणि मार बापाने खाल्ला," मास्तर म्हणाले. "तेव्हापासून मी प्रश्न मोठ्यानेच विचारतो. हळू विचारला तर बापाचा मार फुकट जाईल."

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. संध्याकाळी लालबागला मोर्चा निघे, कधी अश्रुधुराने शाळेच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत. मास्तर प्रत्येक मोर्चात असत आणि घसा बसेपर्यंत घोषणा देत. पण चाळीतल्या एका सभेत पुढारी म्हणाला, "आज सगळा मराठी माणूस एक झाला आहे," तेव्हा मास्तर गर्दीतून ओरडले, "झाला ना? मग तुमच्या गावच्या विहिरीवर उद्या माझ्या आईला पाणी भरू देता का, तेवढं सांगा!" सभेत कुजबुज झाली. पुढाऱ्याने पाणी मागवलं आणि विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा मोर्चात पुढे. मी विचारलं तर म्हणाले, "मुंबई माझी पण आहे. त्या गाढवासाठी सोडू काय?"

अशात आमच्या शाळेत साचेसाहेब आले. एका गिरणीत नवे साचे, म्हणजे माग, बसवायला अमेरिकेहून आलेला हा इंजिनिअर. शिवाजी पार्कला भाड्याच्या जागेत एकटाच राहायचा. लांब मानेचा, पांढऱ्या भुवयांचा, हळू बोलणारा माणूस. कामगारांना यंत्राची माहिती द्यावी म्हणून गिरणीने त्याला आमच्याकडे एक व्याख्यान द्यायला पाठवलं. व्याख्यान छान झालं. मास्तर खूश झाले आणि त्याला समोरच्या हॉटेलात घेऊन गेले. मी दुभाषा म्हणून बरोबर होतो, कारण मास्तरांना इंग्रजी वाचता उत्तम येई, बोलताना मात्र रागाच्या भरात मराठी बाहेर पडे.

मास्तरांनी स्वतःच्या हाताने चहाचा कप साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी तो हसून परत सरकवला. मास्तरांनी पुन्हा पुढे केला. साहेबांनी पुन्हा मान हलवली.

पाळ्या लाल झाल्या. "त्याला विचार, अमेरिकेतपण चालतं वाटतं हे? माझ्या हातचा नको?"

मी विचारलं. साहेबांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला. ते घाईघाईने म्हणाले, "कुणाच्याच हातचा घेत नाही हो! आमच्या धर्मात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहे. मी मॉर्मन आहे."

"दूध चालतं?"

"चालतं."

मास्तरांनी दूध मागवलं, पेला स्वतः हातात दिला आणि साहेब शेवटचा घोट घेईपर्यंत टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "आता सांगा. मॉर्मन म्हणजे काय?"

साहेबांनी सांगितलं. गेल्या शतकात त्यांच्या देशातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला देवदूताने एका टेकडीत पुरलेली सोन्याची पानं दाखवली. तीन कड्यांत ओवलेली, पुस्तकासारखी. त्यावर जुन्या लिपीत कोरलेलं होतं. त्याने त्याचं भाषांतर केलं, तोच त्यांचा ग्रंथ. पानं घेऊन रानातून येताना तिघांनी एकामागून एक त्याच्यावर झडप घातली, पण त्यांना लोळवून, पानं काखेत धरून तो पळत घरी आला.

"आकार?" मास्तरांनी विचारलं.

"सहा इंच रुंद, आठ इंच लांब, सहा इंच जाड. साधारण."

मास्तरांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून तिथेच गुणाकार मांडला. "अडीच मण! परब, सांग त्याला. तांदळाचं भरलेलं पोतं होतं ते. पोतं काखेत घेऊन हा माणूस रानातून पळाला? तिघांना लोळवून? लालबागच्या हमालाला विचार, पाठीवर घेऊन जिना चढताना काय होतं!" मग एकदम, "ती पानं आहेत कुठे आता?"

"देवदूताने परत नेली."

"सोयीचं आहे!"

मला वाटलं, आता साहेब उठून जातील. पण ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी बोलू या का? मला थोडा विचार करायचा आहे."

असे किती शनिवार गेले. साहेब चिडत नसत, आणि त्याचाच मास्तरांना जास्त राग येई. "माणसाने भांडावं तरी!" ते मला म्हणत. साहेब इंजिनिअरसारखं बोलत. पानं म्हणजे वीट नव्हे. हाताने ठोकलेला पत्रा कधी सपाट नसतो, दोन पानांत फट राहते. शिवाय ज्यांनी पाहिली त्यांनी सोन्यासारखी दिसत होती म्हटलंय. तांबं मिसळलेलं असेल. मास्तर म्हणत, पत्रा पातळ केलात तर दोन्ही बाजूंनी कोरता येणार नाही, जाड ठेवलात तर पानं कमी, मग एवढा मोठा ग्रंथ मावला कुठे? आणि पाहिलं कुणी? निवडक लोकांनी! बाकीच्यांनी फडक्यावरून चाचपायचं! तो 'निवडक' शब्द निघाला की मास्तरांचा आवाज हॉटेलाच्या बाहेर जाई.

मध्येच दसऱ्याला मास्तर नागपूरला जाऊन आले. बौद्ध होऊन आले. शाळेत पेढे वाटले आणि म्हणाले, "आता माझ्या घरात न तोललेली एकही गोष्ट उरली नाही." साहेबांनी उभं राहून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

मग मास्तरांनी ठरवलं, वाद पुरे, तोलून बघायचं. तांबाकाट्याजवळच्या एका तांबटाकडून भंगारातले पितळी पत्रे आणले. शाळेच्या मागच्या ओट्यावर बसून स्वतः कापले, ठोकले. हाताला फोड आले. हरताळामुळे दोनदा बेत पुढे गेला. शेवटी एका रविवारी सकाळी सहा इंचांची चळत तीन कड्यांत ओवून आम्ही तिघं कोळशाच्या वखारीत गेलो. वखारवाला बघतच राहिला.

काटा थांबला. अर्ध्या मणाच्या थोडा वर.

मास्तरांनी चळत उतरवली, पत्रे सारखे केले, पुन्हा ठेवली. काटा तिथेच. मग त्यांनी कोळशाने भिंतीवर हिशेब केला: पितळेऐवजी सोनं-तांबं धरलं तर किती होईल. तरी मणाच्या आतच. पाळ्या लालबुंद. मला वाटलं, आता काटा मोडतात.

"साहेब," ते इंग्रजीत म्हणाले, शब्द एकेक करून, "तुमचं बरोबर. माझं चूक. माणूस हे उचलू शकतो. पळू शकतो का, मला माहीत नाही. पण अडीच मण मी म्हणालो, ते चूक."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाहण्यात इतक्या रागाने स्वतःची चूक कबूल करणारा दुसरा माणूस नाही. आजच्या वक्त्यांनी हे सांगायला हवं होतं. पण त्यांना सोशिक माणूस हवा होता.

गोष्ट इथे थांबती तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर साहेब वर्गातच बसून राहिले. भारावलेले होते. म्हणाले, "तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. तुम्ही जुना धर्म सोडला आहे. आमच्याकडे या. आमच्यात भटजींची वेगळी जात नाही. प्रत्येक पुरुष पुरोहित होतो. बारा वर्षांच्या मुलालासुद्धा तो अधिकार मिळतो."

मास्तर फळा पुसत होते. हात थांबला.

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"तुमच्या देशात काळे लोक आहेत. गुलामांची पोरं. ते?"

 खोटं बोलणं साहेबांना जमत नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. ते म्हणाले, "नाही. ते सभासद होऊ शकतात. पुरोहित नाही. आमच्या मंदिराच्या आतले विधीही नाहीत."

"का?"

"नक्की कुणी सांगितलेलं नाही. पण आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात, की जन्माला येण्याआधी, आत्मा असताना, ते कुठेतरी कमी पडले असावेत."

मी हे मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण मास्तरांना कळलं होतं. डस्टर खाली पडलं. त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही.

"मागच्या जन्मीचं पाप! अरे, हे तर मी ऐकलंय! हेच सांगून माझ्या बापाला रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं! सात समुद्रांपलीकडून हेच घेऊन आलात? पत्रे ठोकून माझे हात फुटले, तुमच्या पानांना मी न्याय दिला. आता तुम्ही द्या! हे पाप कुठल्या काट्यावर तोललंत? कुणी तोललं? कधी?"

"मला माहीत नाही," साहेब म्हणाले.

"कधी विचारलंत?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"तुम्ही पानांची बाजू इतके महिने लढवलीत," मास्तर म्हणाले. "प्रत्येक फट मोजलीत. आणि माणसांच्या बाबतीत एकदा विचारलं नाहीत. चालते व्हा."

साहेब उठले, टोपी घेतली आणि गेले. मास्तर बाकावर बसले. रडत होते, आणि रडू आल्याचा त्यांना राग येत होता.

त्यानंतरचे शनिवार रिकामे गेले. साच्यांचं काम संपलं तेव्हा साहेब निरोप घ्यायला शाळेच्या दारात आले. मास्तर खाली जाईनात. मी म्हटलं, "मास्तर, बोटीने परत चाललाय, पुन्हा भेटायचा नाही." तेव्हा गेले.

"मी तिकडे गेल्यावर विचारीन," साहेब म्हणाले.

"मोठ्याने विचारा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

पुढे मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला, मास्तर निवृत्त झाले, मोतीबिंदूने डोळे अधू झाले. साहेबांची काही खबर कळली नाही. बऱ्याच वर्षांनी एका सकाळी इंग्रजी पेपरात आतल्या पानावर लहानशी बातमी दिसली. साहेबांच्या मॉर्मन पंथाच्या प्रमुखांना ईश्वरी आदेश झाला असून यापुढे वर्णाचा विचार न करता सर्व पात्र पुरुषांना पौरोहित्य मिळेल. मी पेपर घेऊन जवळजवळ धावत मास्तरांच्या खोलीवर गेलो. वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. "मास्तर, जिंकलात की!"

"काय जिंकलो?" पाळ्या लाल होऊ लागल्या. इतक्या वर्षांनी, त्या सुरकुतलेल्या कानांवर. "तोवर जे मेले त्यांचं काय? त्यांचं ते जन्माआधीचं पाप आता माफ झालं, का मुळात कधी नव्हतंच? दोन्हींत फरक आहे. कुठलं ते छापलंय का? बघ. नीट बघ."

मी नीट बघितलं. "नाही मास्तर. परवानगी दिली, एवढंच आहे."

"परवानगी!" भिंतीला धरून ते उभे राहिले. "चुकलो म्हणायला काय जातं यांचं? एवढा मोठा धर्म, आणि एक शब्द जड होतो?"

त्यांची सून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मास्तरांना बसा म्हणायची आम्हा दोघांचीही हिंमत झाली नाही.

"साहेबाने विचारलं असेल," मग ते म्हणाले. आवाज खाली आला होता, राग नव्हे. "तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण एकट्याने विचारून काय होतंय? त्याच्या मागे कुणी उभं राहायला नको होतं?"