शकुनची तर्जनी

शकुनचा नवरा भगवंत तिवशाकडे गुलाब पिकवतो आणि ती अमरावतीत देवळापाशी बसून हार गुंफते. शिवाय गिटार वाजवते. हसायचं काम नाही, चांगली वाजवते.

चार वर्षांपूर्वी माझ्या घरी फुलं द्यायला आली तेव्हा मी मोबाइलवर स्पेनचा एक म्हातारा वादक बघत होते. फ्लामेंको म्हणतात त्या वादनाला. एकेक बोट उलगडत नखांनी तारा झोडपायच्या, मधेच लाकडावर ठोका. शकुन पाटी घेऊन उभीच राहिली.

"बाई, ह्या बुढ्याले हात दोनच हायेत ना? हार करतानी माही बोटं बी अशीच पयतात."

माझ्या मुलाची गिटार भिंतीवर धूळ खात होती, ती दिली. व्हिडिओ बघून बघून शिकली. त्या म्हाताऱ्याला ती 'उस्ताद' म्हणते.

एका मुलाखतीत उस्ताद म्हणाला, नखं टणक राहावीत म्हणून मी त्यांवर गोंद लावतो. पडद्याखालची इंग्रजी भाषांतराची अक्षरं वाचून हे शकुनला मीच सांगितलं. गोंदाची ट्यूबही माझ्याच खणातली. छत्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, तिला साखरेचा आजार आहे हेही ठाऊक होतं; पण जखमेवर लावू नकोस, एवढं सांगायचं सुचलं नाही.

गेल्या महिन्यात गुलाबाचा काटा तिच्या उजव्या तर्जनीत, नखाखाली मोडला. नख चिरलं. बाईसाहेबांनी काटा आत ठेवून वरून गोंद भरला आणि फडकं बांधून पाच दिवस हार केले. ताप चढला तेव्हा मला कळलं. फडकं मी सोडलं. बोट जांभळं, मनगटापर्यंत लाल रेघ.

"सांगितलं का नाहीस, मूर्खे?"

"तुमी नख काप म्हनल्या असत्या."

इथल्या डॉक्टरनं त्याच दिवशी अकोल्याला, हाताच्या सर्जनकडे धाडलं. रेघ संपत होती तिथं मी पेनानं खूण केली. गाडी चालवता चालवता भगवंत सारखा म्हणे, "होईन ना बरं, बाई?"

"समोर बघ."

मूर्तिजापूर आलं तेव्हा रेघ खुणेच्या दोन बोटं वर गेली होती. मी तिचा पदर त्यावर ओढला.

सर्जननं विचारलं, "काम काय करतात?"

"हार गुंफते," भगवंत म्हणाला.

"गिटार वाजवते," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. "पेर वाचवायला बघतो. पण पू हाडात गेला असेल, तर कापणार."

आत नेताना शकुन माझ्या कानाशी म्हणाली, "पेर गेलं त हार होतीन, बाई. थे वाजवनं नाही होनार."

दीड तास मी बाकावर बसून होते. देवाचं नाव मी सहसा घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

सर्जन बाहेर आला. "हाड वाचलं. नखाचं मूळ मात्र काढावं लागलं. तिथं आता नख येणार नाही."

हे तिला सांगायची भगवंतची छाती होईना. मी सरळ सांगून टाकलं. तिनं पट्टीतलं बोट डोळ्यांसमोर धरलं.

"उस्तादाचं असं झालं असतं त?"

"मला काय ठाऊक! तो काय माझा मामा आहे?"

तेव्हा कुठे रडली.

काल पट्टी सुटली. गिटारला तिनं अजून हात लावलेला नाही. कधी लावणार, हे मी विचारत नाही. उत्तराची भीती वाटते.