हरणाबाईच्या चरख्याचा धूर

हरणाबाईची पहिली नोंद माझ्या डायरीत १९ नोव्हेंबर १९८८ची आहे. "म्हसवडकडचे धनगर आले. मेंढ्या तीन रात्री वरच्या शेतात. बदल्यात दोन पायली ज्वारी. बाई फार फटकळ." तेव्हापासून दिवाळी झाली की दरवर्षी तिच्या मेंढ्या वाईला आमच्या शेतात बसायच्या. लेंड्यांचं खत पडायचं, आणि त्या तुकड्याला ह्यांनी शेवटपर्यंत युरियाचं पोतं लावलं नाही. तेही डायरीत आहे. रोज लिहायची सवय शाळेतल्या नन्सनी लावलेली. कधीतरी उपयोगी पडेल असं वाटलं होतं.

हरणाबाई माझ्याच वयाची. जन्म वाटेवरचा; कुठल्या गावच्या शिवारात, ते तिच्या आईलाही आठवत नव्हतं. नवरा वारल्यावर कळप मुलगा सिद्धू हाकू लागला, पण लोकर मात्र हिची. मेंढ्या कातरल्या की ती लोकर पिंजायची, घोड्यावरून चरखा उतरवायची आणि झाडाखाली बसून सूत काढायची. म्हसवडचा ज्ञानू सनगर त्या सुताची घोंगडी हातमागावर विणायचा. रंग मेंढीचाच. यात कुठे वीज नाही, कोळसा नाही. सुनेला हे काम नको होतं. "लोकर वढ्यात टाका म्हनती," हरणाबाई सांगायची. "म्या हाय तवर न्हाई टाकायची."

२०२३च्या हिवाळ्यात तिचे गुडघे पार गेले. म्हसवडला पत्र्याची एक खोली बांधायची आणि वाट चालणं थांबवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. त्याच सुमारास आमच्याकडच्या डोंगरातल्या एका नव्या रिसॉर्टला खोल्यांसाठी चाळीस घोंगड्या हव्या होत्या. मी नमुना दाखवला, त्यांना आवडला. मॅनेजरकडे जाण्याआधी हरणाबाईनं मला भाव सांगितला पंधराशे. त्यातले नऊशे ज्ञानूचे. मी तिला थांबवलं.

"एका घोंगडीला तुझे बारा दिवस जातात. तीन हजार सांग."

"आवं वैनी, खुळ्या झालाव काय? कोन दील?"

"हातच्या कामाला देतात. सांग तर."

तिनं घाबरत सांगितलं. मॅनेजरनं मान डोलावली. वाढलेले पंधराशे सगळे तिचे होणार होते. चाळीस घोंगड्यांत खोली उभी राहिली असती. तिनं लगेच सिद्धूला पाया खणायला लावलं.

रिसॉर्टची एक अट मात्र होती. खोलीतली प्रत्येक वस्तू बनताना किती कार्बन हवेत गेला ते मोजायचं, आणि पांघरुणासाठी तो आकडा ऐंशी किलोच्या आत हवा. मी निर्धास्त होते. शिवाय मोजणारी पुण्याची कंपनी, आणि तिथे काम करणारी माझी नात, अपेक्षा.

अपेक्षा आली ती तोंड पाडूनच. घोंगडीचा आकडा दीडशे आला होता.

"आजी, एक तक्ता असतो. देशातला कुठला धंदा दुसऱ्या कुठल्या धंद्याकडून किती रुपयांचा माल घेतो, ते सगळं त्यात असतं. वस्तूची किंमत टाकली की मागची साखळी उलगडते. सूत, वीज, कोळसा, ट्रक. दर रुपयामागे किती धूर, ते निघतं."

"पण घोंगडीत वीज कुठे आहे?"

"तक्त्यात घोंगडी नाहीये. लोकरी कापड आहे. गिरण्या आणि मावशींचा चरखा एकाच रकान्यात."

हरणाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. "माज्या चरख्याला धुराडं हाय व्हय गं? दाव की मला, कुठं हाय ते!"

मी डायऱ्या काढल्या. ह्या मेंढ्यांच्या खतामुळे पस्तीस वर्षं युरिया नाही, हे कुठे धरलंस, असं विचारलं. अपेक्षा म्हणाली, "खताला तुम्ही दोन पायली ज्वारी दिलीत. जिथे पैसे फिरले नाहीत, ते तक्त्याला दिसतच नाही. नीट मोजायचं तर म्हसवडपर्यंत जाऊन एकेक टप्पा मोजायला हवा. तेवढा खर्च रिसॉर्ट करणार नाही."

मग हरणाबाईनंच विचारलं, "रुपयावर धूर म्हंतीस न्हवं? मग पयलाच भाव लावला तर?"

अपेक्षानं माझ्याकडे पाहिलं. "पंच्याहत्तर येईल, मावशी."

"तीच घोंगडी?"

"तीच."

हरणाबाई हसली. "म्हंजी माजं पोट भराय लागलं की धूर निघतो. ऱ्हाऊ दे. पंधराशेच लाव."

तीन हजार सांग, हे मीच म्हटलं होतं; पाया खणला गेला तो माझ्या शब्दावर. चाळीस घोंगड्या पंधराशेनं गेल्या. रिसॉर्टनं प्रत्येक पलंगावर एक सुबक कार्ड ठेवलं: पंच्याहत्तर किलो, निसर्गस्नेही. त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं हरणाबाईच्या वीस घोंगड्यांच्या कमाईएवढं आहे.

यंदा १६ नोव्हेंबरला मेंढ्या आल्या. हरणाबाई चालतच आली, गुडघ्याला फडकं बांधून. घोड्यावर चरखा नव्हता.

"खोलीचं काय झालं?" मी विचारलं.

"पाया हाय की. पानी साठतंय त्यात. शेरडं पित्यात."

दुसऱ्या दिवशी सिद्धूनं मेंढ्या कातरल्या. दोन पोती लोकर निघाली, ती त्यानं आमच्या बांधाखालच्या ओढ्यात नेऊन ओतली. हरणाबाई बांधावर बसून बघत होती. काळी लोकर दगडांना अडकत अडकत पुढे सरकली, मग पाण्यानं जड झाली.

"आता किती धूर निघाला, इचारा की नातीला," ती म्हणाली.

मी विचारलं नाही. लोकर विकलीच गेली नाही. तक्त्यात ती शून्य.