ताईच्या वाटचं ऊन

बाबा भोपाळच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. बरखेड्यातल्या आमच्या क्वार्टरमध्ये जेवता जेवता विज्ञान शिकवायची त्यांना भारी हौस. सूर्य कोळशासारखा जळत नाही, हे मी शाळेच्या आधी त्यांच्याकडूनच शिकले. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम होतो, थोडं वस्तुमान नाहीसं होतं आणि त्याचीच ऊर्जा बनते. ती सूर्यातून बाहेर पडायला हजारो वर्षं लागतात. तिथून आपल्यापर्यंत मात्र जेमतेम आठ मिनिटं. "ही पोळीसुद्धा ऊनच आहे," घास दाखवत ते म्हणायचे, "गव्हानं साठवलेलं."

ती पोळी लाटणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला मात्र उन्हात जायची बंदी होती.

ताईचं बी.ए. झालं होतं. नागपूरहून आलेल्या स्थळांनी रंगावरून नकार कळवला, तेव्हापासून आईनं तिचं छतावर जाणं बंद केलं. कपडे मी वाळत घालायचे, भाजी मी आणायची. खिडक्यांना जाड पडदे लागले. त्यांचे खिळे बाबांनी स्वतः ठोकले.

वर्ष-दीड वर्षात ताईचे पाय दुखू लागले, मग कंबर. खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येईना. आत्या म्हणाली, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" त्या वाक्याची मला अजून चीड येते.

शेवटी तिला दवाखान्यात नेलं. तपासण्या बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बेटा, धूप में निकलती नहीं हो क्या?" उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते नसलं की हाडं मऊ पडतात, असं त्यांनी समजावलं. बाबा मान डोलावत होते, जणू सगळं नवीनच ऐकत होते.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "बाबा, तुम्ही तर रोज सूर्य शिकवता आम्हाला!"

"गप्प बस," ते म्हणाले. "तिच्यासाठी स्थळं मला शोधायची आहेत, तुला नाही."

औषध सुरू झालं. ताई रोज बाह्या वर करून छतावर बसू लागली आणि काही महिन्यांत जिना एका दमात चढू लागली. पुढचं स्थळ आलं तेव्हा तिनं खुर्च्या अंगणात मांडल्या. मुलाची आई पदरानं घाम पुसत म्हणाली, "आत बसू या का? मुलगी काळवंडेल अशानं."

"तुम्ही बसा आत," ताई म्हणाली, "मला इथंच बरं वाटतं."

ती मंडळी चहा अर्धा टाकून गेली. बाबा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

त्याच वर्षी ताईनं शाळेत नोकरी धरली. लग्न बऱ्याच वर्षांनी केलं, स्वतःच्या पसंतीनं. आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिली, "डॉक्टरांनीच सांगितलंय हो उन्हात बसायला, नाहीतर आमची गोरीच होती." आणि बाबा? आपलं चुकलं, असं त्यांनी तिला एकदाही म्हटलं नाही.