आप्पांची अगस्तीची नोंद

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. स्वतःचा लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं... लिहितेय, कारण घरात कुणाला सांगायची सोय नाही.

माझं माहेर नाशिकला, मखमलाबादला. वडील – आप्पा – झेंडू आणि भाजी करायचे. फुलं तोडायला पहाटे उठायचे, त्यामुळे आकाश ओळखीचं. त्यातला अगस्ती जास्तच लाडका. दक्षिणेला खाली दिसणारा ठळक तारा. थंडीत रात्रीचा बराच वेळ असतो, मे महिन्यात संध्याकाळी क्षितिजाला टेकतो आणि दिसेनासा होतो. पुन्हा दिसतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात, पहाटे. अगस्ती उगवला की पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणतात.

आप्पा त्याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करायचे, सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी. मेमध्ये शेवटचा दिसला की लिहायचे, 'येतो म्हणाला'. पहाटे पुन्हा दिसला की, 'आला'. घरातून निघताना आमच्यात कुणी 'जातो' म्हणत नाही, तोच नियम ताऱ्यालाही. मी एकदा शहाणपणा केला – आप्पा, तो कुठे जात नाही, सूर्याच्या उजेडात दिसत नाही एवढंच. ते म्हणाले, "मग मी तरी 'गेला' असं लिव्हलंय का?"

आईला काचबिंदूमुळे सात-आठ वर्षं दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. तरी आप्पा दरवर्षी गच्चीवरून तिला हाक मारायचे, अगं, आला बघ. आणि ही खालून म्हणायची, बघितला, बघितला. दोघांचा हा चावटपणा वर्षानुवर्षं चालला होता.

यंदा जूनमध्ये आप्पांना धाप लागली. मी तेव्हा माहेरी आले होते, मीच गाडी बोलावली. दारातून निघताना ते आईला म्हणाले, "जातो गं." आईने त्यांचा हात धरला. "जातो नाय, येतो म्हना." त्यांना श्वास पुरत नव्हता, शब्द फुटेना, आणि आई हात सोडेना... मी वैतागले. आता हे कसलं खूळ, उशीर होतोय, असं म्हणून मी तिची बोटं सोडवली आणि गाडीचं दार लावलं. चौथ्या दिवशी आप्पा गेले.

आई रडली नाही. दहाव्यालाही नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्यांना येतो म्हनू दिलं नाय तू." त्यानंतर माझ्याशी कामापुरतं – चहा, गोळी, हो, नाही. मी तिच्याजवळ राहायला आले होते, पण तिला माझं असणं नसणं सारखंच. तिचं चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही. ती बोटं मीच सोडवली होती.

ऑगस्ट संपत आला. पंधरा दिवस आभाळ गच्च. एके पहाटे, सव्वापाचच्या सुमारास, आईने चाचपडत येऊन मला हलवलं. "ऊठ, लिव्ह. अगस्ती आला." मी म्हटलं, ढग आहेत गं, झोप. तर म्हणाली, "त्यांनी वरून हाक मारली. तुला नाय आली?"

हिच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, या भीतीनेच मी गच्चीवर गेले. सगळीकडे ढग. फक्त दक्षिणेला, पलीकडच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारी हातभर फट, आणि त्यात अगस्ती. स्वच्छ. दोन मिनिटं असेल, मग फट बुजली. पुढे आठवडाभर एक तारा दिसला नाही, मी रोज जाऊन पाहिलं.

खाली येऊन मी कॅलेंडरवर 'आला' लिहिलं आणि आईला तसं सांगितलं. ती पलंगावर बसून होती. तिच्या खोलीची एकच खिडकी, उत्तरेची, तीही बंद.

"आन मग जातो म्हनाले," आई म्हणाली.

मग तू त्यांना काय म्हणालीस, असं मी विचारलं.

"या टायमाला नाय टोकलं. लय दमल्यावानी आवाज होता. म्हटलं, जावा."

आणि ती रडायला लागली. जूनपासूनचं सगळं. चाचपून तिने माझा हात धरला तो उजाडेपर्यंत सोडला नाही. मी माफी मागायची ठरवली होती, ती राहूनच गेली.

आता माझ्यातली मास्तरीण. ढगांना फट पडते, यात नवल नाही. अगस्ती त्या सुमारास उगवतो, हे इतक्या वर्षांत आईला पाठ झालं असणार. पण नेमकी तीच दोन मिनिटं, दृष्टी नसलेल्या बाईला, बंद खोलीत? खूप जोडाजोड करून पाहिली... नाही जमत. मीही त्याच घरात होते, भिंतीपलीकडे. माझी झोप सावध, पाल चुकचुकली तरी जाग येते. मला काही ऐकू आलं नाही. आईला हाक कशी आली, हे एक वेळ सोडून देईन. आप्पांनी मला हाक का मारली नाही, हे कुणाला विचारू?