आप्पांचं पाव्हणं

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यामुळे कुणाबद्दल चार ओळी लिहायला घेतल्या की आगाऊपणा वाटतो आणि आधी माफी मागावीशी वाटते. इथेही मागतो.

मांडवगण फराट्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारे एक आप्पा आहेत. त्यांच्या दुकानासमोर मी रोज एसटीची वाट पाहतो. तारांना लावलेलं वार्निश वाळेपर्यंत आप्पा फोनशी बुद्धिबळ खेळतात, तेही सगळ्यात अवघड पातळीवर. फोनला ते पाव्हणं म्हणतात. "खेळा पाव्हणं, लाजू नका." एकदा तरी त्याला हरवायचं, एवढीच त्यांची इच्छा. चाल मागे घ्यायचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. एकदा डाव त्यांच्या बाजूने झुकला असताना फोन तापला, तर त्यांनी तो उचलून सावलीत ठेवला. "तापल्या डोक्याच्या माणसाला काय हरवायचं!" म्हणाले, आणि हरले.

मी शिरूरला कॉम्प्युटर शिकतो. खरं काय ते मला माहीत होतं, पण सांगवत नव्हतं.

परवा मोटार न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "आप्पा, सोडा नाद. कॉम्प्युटरनं जगज्जेत्याला कवाच हरवलंय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय रं?"

"व्हय, आप्पा. लई वर्सं झाली."

"मंग लोकांनी खेळ सोडला का?"

"न्हाई. माणसं माणसांशी खेळत्यात की अजून."

आप्पांनी फोन हातात घेतला. मग त्यांनी फोनवर दोघांचा डाव लावला, फोन आमच्या मधे ठेवला आणि म्हणाले, "बस खाली."